बालरक्तकर्करोगातील कार-टी पेशी उपचार

कार-टी पेशी उपचार ही रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारपेशींमध्ये प्रयोगशाळेत जनुकीय बदल करून त्यांच्याद्वारे कर्करोगाच्या पेशी नष्ट करण्याची उपचारपद्धती आहे. 'कार' हे 'कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर' या नावाचे लघुरूप होय. बी-पेशींच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या बालवयातील रक्तकर्करोगात नेहमीच्या औषधांनी रोग आटोक्यात येत नसेल किंवा बरा होऊन पुन्हा उलटला असेल, तर ही पद्धती वापरली जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ३० ऑगस्ट २०१७ रोजी या प्रकारच्या पहिल्या औषधाला मान्यता दिली. ती मान्यता बालके आणि २५ वर्षांपर्यंतच्या तरुण रुग्णांसाठी होती. कर्करोगाची नवी औषधे सहसा आधी प्रौढांना व नंतर मुलांना मिळतात. येथे हा क्रम उलटा झाला.

या उपचाराच्या विकासात बालकर्करोगतज्ज्ञांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतील स्टीफन ग्रुप, शॅनन मॉड, क्रिस्टल मॅकॉल व नीरली शाह आणि भारतातील गौरव नरुला हे त्यांपैकी काही होत. उपचार उपलब्ध झाल्यानंतर तो कोणत्या मुलापर्यंत पोहोचतो, हा प्रश्न या क्षेत्रातील संशोधनाचा दुसरा महत्त्वाचा भाग बनला आहे. किंमत, निर्मितीचे ठिकाण, रुग्णालयापर्यंतचे अंतर आणि प्राथमिक उपचारांची गुणवत्ता या चार गोष्टींवर त्याचे उत्तर अवलंबून असते. मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्था (आयआयटी मुंबई) आणि टाटा स्मारक केंद्र यांनी विकसित केलेला 'नेक्सकार-१९' हा स्वदेशी उपचार याच प्रश्नातून पुढे आला.

## पार्श्वभूमी

तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी या रोगात अपक्व अवस्थेतच अनियंत्रितपणे वाढतात. त्यामुळे निरोगी रक्तपेशींना जागा उरत नाही. मूल फिकट पडते, त्याला वारंवार ताप येतो, अंगावर निळे-जांभळे डाग उमटतात, हाडे दुखतात. बहुतेक बालरुग्णांत बिघाड बी-पेशींच्या वंशात असतो, तर काहींत टी-पेशींच्या.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा रोग हमखास प्राणघातक मानला जात असे. बॉस्टन येथील सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ मध्ये अमिनोप्टेरिन हे औषध वापरून काही मुलांमध्ये रोग तात्पुरता मागे हटवून दाखवला. हे औषध तयार करणाऱ्या लेडर्ली प्रयोगशाळेतील संशोधनाचे नेतृत्व आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे जन्मलेले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. पुढे डोनाल्ड पिंकेल यांनी अमेरिकेतील मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात १९६२ पासून अनेक औषधांच्या एकत्रित, दीर्घकालीन वापराची पद्धत बसवली. टप्प्याटप्प्याने सुधारणा होत आज संपन्न देशांत या रोगाची सुमारे ९० टक्के मुले दीर्घकाळ जगतात.

भारतात टाटा स्मारक रुग्णालयाने १९८० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील इयान मॅग्राथ यांच्या सहकार्याने 'एमसीपी-८४१' हा उपचारक्रम आखला. तो येथील रुग्णालयांना झेपेल असा होता व त्याने अनेक मुले बरी झाली. अलीकडे 'आयसीआयसीएल-एएलएल-१४' या बहुकेंद्री चाचणीद्वारे देशातील अनेक रुग्णालयांत समान पद्धतीने निदान, जोखमीची विभागणी व उपचार करण्याचा प्रयत्न झाला आहे.

या साऱ्या प्रगतीनंतरही काही मुलांमध्ये रोग पुन्हा उलटतो. विशेषतः उपचार चालू असताना किंवा ते संपल्यावर लगेच रोग उलटला, तर नेहमीची औषधे फारशी लागू पडत नाहीत. अशा वेळी अस्थिमज्जा प्रत्यारोपण हाच मुख्य मार्ग असे. पण त्यासाठी आधी रोग आटोक्यात यावा लागतो आणि जुळणारा दाता मिळावा लागतो. ज्यांच्या बाबतीत यांपैकी काहीच साध्य होत नसे, त्या मुलांसाठी कार-टी पेशींचा विचार सुरू झाला.

## कार्यपद्धती

टी-पेशी या शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतील पांढऱ्या पेशी आहेत. विषाणूची लागण झालेल्या पेशी ओळखून त्या नष्ट करतात. कर्करोगाची पेशी मात्र शरीराच्याच पेशीपासून निर्माण झालेली असल्याने पुष्कळदा त्यांच्या नजरेतून सुटते. कार-टी उपचारात टी-पेशीला एक कृत्रिम ग्राहक (रिसेप्टर) दिला जातो. या ग्राहकाचा बाहेरचा भाग प्रतिपिंडासारखा असून तो कर्करोगाच्या पेशीवरील ठरावीक खूण ओळखतो. आतील भाग टी-पेशीला चेतवतो व तिची संख्या वाढवतो. दोन वेगळ्या रेणूंचे भाग जोडून ग्राहक बनतो, म्हणून त्याला ग्रीक पुराणकथेतील अनेक प्राण्यांच्या अवयवांनी बनलेल्या 'कायमेरा' या प्राण्यावरून नाव मिळाले.

बालरक्तकर्करोगात लक्ष्य म्हणून 'सीडी-१९' हे प्रथिन निवडले जाते. ते जवळजवळ सर्व बी-पेशींच्या पृष्ठभागावर असते. निरोगी बी-पेशींवरही ते असते. परंतु बी-पेशी नसतानाही बाहेरून प्रतिपिंडे देऊन माणूस जगू शकतो, म्हणून हे लक्ष्य स्वीकारार्ह ठरले.

उपचाराचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात:

१. पेशीसंकलन: रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातील पांढऱ्या पेशी वेगळ्या काढल्या जातात व उरलेले रक्त परत शरीरात सोडले जाते. यास काही तास लागतात.

२. जनुकीय बदल: निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने कृत्रिम ग्राहकाचे जनुक टी-पेशीत पोहोचवले जाते. यासाठी बहुधा लेंटिव्हायरस या गटातील विषाणूचा वाहक म्हणून उपयोग होतो.

३. पेशीवृद्धी व तपासणी: बदललेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या जातात. त्या निर्जंतुक व कार्यक्षम असल्याची खात्री केली जाते. संकलनापासून पेशी परत मिळेपर्यंत काही आठवडे जाऊ शकतात.

४. पूर्वतयारी: फ्लुडाराबिन व सायक्लोफॉस्फामाइड ही औषधे देऊन रुग्णाच्या शरीरातील मूळ लिम्फपेशी कमी केल्या जातात, म्हणजे नव्या पेशींना वाढण्यास वाव मिळतो.

५. पेशी देणे: तयार पेशी शिरेतून दिल्या जातात. प्रत्यक्ष क्रिया रक्त चढवण्यासारखीच असून थोड्या वेळात पूर्ण होते. त्यानंतरचे काही आठवडे रुग्णावर बारकाईने लक्ष ठेवावे लागते.

नेहमीचे औषध शरीरात विरून जाते. कार-टी पेशी मात्र सजीव असल्याने शरीरात वाढतात आणि काही रुग्णांत वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून या उपचाराला 'जिवंत औषध' असेही म्हणतात. प्रत्येक रुग्णासाठी त्याच्याच पेशींपासून ते स्वतंत्रपणे बनवावे लागते. हेच त्याच्या परिणामकारकतेचे आणि मोठ्या खर्चाचेही कारण आहे.

## संशोधनाचा इतिहास

टी-पेशीला प्रतिपिंडाची ओळखशक्ती देण्याची कल्पना १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आली. इस्रायलमधील वाइझमन संस्थेत झेलिग एशहार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये असा संकरित ग्राहक प्रत्यक्षात काम करतो हे दाखवले. पहिल्या पिढीतील या पेशी शरीरात फार काळ टिकत नसत. ग्राहकाच्या आतील भागात दुसरा चेतक रेणू जोडल्यावर ही अडचण बरीच दूर झाली. न्यू यॉर्क येथील मिशेल सॅडेलेन यांच्या गटाने 'सीडी-२८' या रेणूचा, तर सेंट ज्यूड रुग्णालयातील चिहाया इमाई व दारिओ कँपाना यांनी २००४ मध्ये '४-१बीबी' या रेणूचा वापर केला. बालरक्तकर्करोगासाठी मान्यता मिळालेल्या पहिल्या औषधात '४-१बीबी' हाच रेणू आहे.

### पहिली बालरुग्ण

फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून यांच्या गटाने हा उपचार आधी प्रौढ रुग्णांवर वापरून पाहिला होता. एप्रिल २०१२ मध्ये त्याच शहरातील बालरुग्णालयात स्टीफन ग्रुप यांच्या देखरेखीखाली एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला कार-टी पेशी देण्यात आल्या. हा उपचार घेणारी ती पहिली बालरुग्ण होती. तिचा रोग दोनदा उलटला होता.

पेशी दिल्यानंतर तिला तीव्र ताप आला, रक्तदाब घसरला आणि तिला कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागले. रक्ततपासणीत 'इंटरल्युकिन-६' या प्रथिनाचे प्रमाण प्रचंड वाढल्याचे दिसले. या प्रथिनाला अटकाव करणारे टोसिलिझुमॅब हे औषध तेव्हा संधिवातासाठी वापरले जात होते. कार्ल जून यांच्या मुलीला बालसंधिवात असल्याने त्यांना या औषधाची माहिती होती. ते दिल्यावर एमिलीची प्रकृती झपाट्याने सुधारली. काही दिवसांनी केलेल्या तपासणीत तिच्या अस्थिमज्जेत कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. दहा वर्षांहून अधिक काळानंतरही ती रोगमुक्त राहिली. या एका रुग्णामुळे उपचाराची परिणामकारकता दिसली आणि त्याच्या सर्वांत धोकादायक दुष्परिणामावरचा उताराही सापडला.

### मोठ्या चाचण्या व मान्यता

शॅनन मॉड, ग्रुप व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ३० बालक व प्रौढ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९० टक्के रुग्णांत रोगाची लक्षणे पूर्णपणे मागे हटली. त्यानंतर झालेली 'एलियाना' ही चाचणी ११ देशांतील २५ केंद्रांत घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पेशी मिळालेल्या ७५ रुग्णांपैकी ८१ टक्के रुग्ण तीन महिन्यांच्या आत रोगमुक्त अवस्थेत आले. एका वर्षानंतर ७६ टक्के रुग्ण हयात होते, तर रोग न उलटता राहिलेल्यांचे प्रमाण ५० टक्के होते.

याच चाचणीतील आणखी एक आकडा महत्त्वाचा आहे. चाचणीत नाव नोंदवलेले रुग्ण ९२ होते. १७ जणांना पेशी मिळू शकल्या नाहीत. त्यांतील सात जणांसाठी पेशी योग्य प्रकारे तयार होऊ शकल्या नाहीत, सात जण पेशी देण्यापूर्वीच दगावले आणि तिघांना इतर गंभीर गुंतागुंतींमुळे उपचार देता आले नाहीत. पेशी तयार होण्याचा कालावधी हा उलटलेल्या रक्तकर्करोगात जीवनमरणाचा प्रश्न ठरतो, हे यातून स्पष्ट झाले.

या चाचणीच्या आधारे नोव्हार्टिस कंपनीच्या टिसाजेनलेक्ल्युसेल (व्यापारी नाव 'किमराया') या औषधाला २०१७ मध्ये मान्यता मिळाली. टोसिलिझुमॅबलाही त्याच दिवशी कार-टी उपचारातील दुष्परिणामासाठी मान्यता देण्यात आली. युरोपीय संघाने २०१८ मध्ये हे औषध स्वीकारले आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने ते मुलांसाठी उपलब्ध करून दिले.

## दुष्परिणाम व मर्यादा

* सायटोकाइन प्रपात: टी-पेशी एकदम चेतल्याने शरीरात दाह निर्माण करणाऱ्या प्रथिनांचा पूर येतो. ताप, रक्तदाब घसरणे व श्वसनास त्रास ही त्याची लक्षणे होत. 'एलियाना' चाचणीत ७७ टक्के रुग्णांना तो कमीअधिक प्रमाणात झाला. टोसिलिझुमॅब आणि सुसज्ज अतिदक्षता विभाग यांमुळे तो बहुधा आटोक्यात आणता येतो.

* मज्जासंस्थेवरील परिणाम: गोंधळलेपणा, बोलण्यात अडखळणे, क्वचित झटके येणे असे त्रास होऊ शकतात. त्याच चाचणीत ते ४० टक्के रुग्णांत दिसले. बहुतेक काही दिवसांत ओसरले.

* बी-पेशींचा अभाव: निरोगी बी-पेशीही नष्ट झाल्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. अनेक मुलांना महिनोन्महिने, काहींना वर्षानुवर्षे इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने घ्यावी लागतात.

* रोग पुन्हा उलटणे: काही रुग्णांत कार-टी पेशी लवकर नाहीशा होतात. इतर काहींत कर्करोगाच्या पेशी 'सीडी-१९' ही खूणच टाकून देतात व ओळखू येत नाहीत. यावर उपाय म्हणून 'सीडी-२२' या दुसऱ्या खुणेवरील पेशींचे संशोधन अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत झाले. नीरली शाह यांचे काम मुख्यतः या विषयावर आहे.

* दुसऱ्या कर्करोगाची शक्यता: उपचारानंतर क्वचित टी-पेशींचा कर्करोग उद्भवल्याच्या नोंदींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये या वर्गातील औषधांवर इशारा छापणे बंधनकारक केले.

## किंमत आणि आरोग्यसमता

आरोग्यसमता म्हणजे उत्पन्न, जात, वंश, लिंग किंवा राहण्याचे ठिकाण यांमुळे कोणालाही टाळता येण्याजोगा तोटा न होता आरोग्य मिळवण्याची संधी. कार-टी उपचाराच्या संदर्भात या कल्पनेची कसोटी लागते.

'किमराया'ची अमेरिकेतील सुरुवातीची किंमत ४,७५,००० डॉलर होती. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम तीन कोटी रुपयांच्या घरात जाते. रुग्णालयातील वास्तव्य, अतिदक्षता विभाग, औषधे व नंतरच्या तपासण्या यांचा खर्च वेगळा. इतक्या किमतीमुळे जगातील बहुसंख्य कुटुंबांसाठी हा उपचार केवळ बातमीपुरता राहिला.

संशोधनाचा भूगोलही विषम होता. 'एलियाना' चाचणीतील ११ देश उत्तर अमेरिका व युरोपातील देश, जपान आणि ऑस्ट्रेलिया असे होते. आफ्रिका, दक्षिण अमेरिका किंवा भारतीय उपखंडातील एकही केंद्र तिच्यात नव्हते. जगातील बहुसंख्य मुले राहतात त्या प्रदेशांचा पुरावा जमवण्याच्या टप्प्यावर सहभागच नव्हता.

संपन्न देशांतही अडसर आहेत. हा उपचार मोजक्या मोठ्या रुग्णालयांतच मिळतो. पेशी दिल्यानंतर किमान चार आठवडे त्या रुग्णालयाजवळ राहण्याची अट होती. दूरच्या गावातील कुटुंबात त्यासाठी आई किंवा वडिलांना काम सोडावे लागते आणि घरी राहिलेल्या इतर मुलांची सोय करावी लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ मध्ये ही मुदत दोन आठवड्यांवर आणली.

वंश व उपचार यांच्या संबंधाबाबत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला सेंट ज्यूड रुग्णालयातील जून यांग व सहकाऱ्यांचा अभ्यास उल्लेखनीय आहे. अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा आनुवंशिक वारसा असलेल्या मुलांमध्ये हा रक्तकर्करोग उलटण्याचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात दिसले. औषधोपचाराचा एक अधिकचा टप्पा दिल्यास हा फरक नाहीसा होतो, असेही त्यात आढळले. जन्मजात वाटणारी विषमता योग्य उपचाराने मिटू शकते, याचे हे उदाहरण मानले जाते.

## भारतातील संशोधन

### नेक्सकार-१९

आयआयटी मुंबईच्या जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागातील राहुल पुरवार अमेरिकेतील संशोधनानंतर २०१३ मध्ये या संस्थेत रुजू झाले. आयात केलेला उपचार भारतीय रुग्णांना परवडणे अशक्य असल्याने पेशींची रचना आणि निर्मिती दोन्ही देशातच करण्याचे काम त्यांच्या गटाने हाती घेतले. टाटा स्मारक रुग्णालयातील बालकर्करोगतज्ज्ञ गौरव नरुला आणि रक्तविकारतज्ज्ञ हसमुख जैन यांनी रुग्णांवरील चाचण्यांची बाजू सांभाळली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील नीरली शाह यांचे मार्गदर्शन या गटाला लाभले.

केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 'बायरॅक' या संस्थेमार्फत चाचणीसाठी १९.१५ कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर केले. ४ जून २०२१ रोजी नवी मुंबईतील खारघर येथील 'अ‍ॅक्ट्रेक' या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात भारतातील पहिला कार-टी उपचार करण्यात आला. त्यासाठीच्या पेशी पवई येथील आयआयटीच्या प्रयोगशाळेत तयार झाल्या होत्या, तर रुग्णोपचाराचे नेतृत्व नरुला यांच्या गटाकडे होते.

विदेशी औषधात 'सीडी-१९' ओळखणारा भाग उंदराच्या प्रतिपिंडावरून घेतलेला असतो. मुंबईच्या गटाने या भागात मानवी प्रतिपिंडाशी साम्य राहील असे बदल केले. शरीराने पेशींना परके समजून नाकारण्याची शक्यता कमी व्हावी, हा त्यामागील विचार होता. चाचण्यांत तीव्र दुष्परिणामांचे प्रमाण कमी राहिले. हीदेखील खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब आहे. कारण दुष्परिणाम सौम्य असतील, तर अतिदक्षता विभागातील दिवस वाचतात.

आयआयटी मुंबईत स्थापन झालेल्या 'इम्युनोअ‍ॅक्ट' या कंपनीने पुढील निर्मितीची जबाबदारी घेतली. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार-१९'ला परवानगी दिली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबई येथे त्याचे लोकार्पण झाले. ६४ रुग्णांच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार ७३ टक्के रुग्णांत उपचाराला प्रतिसाद मिळाला.

किंमत जागतिक किमतीच्या सुमारे एक दशांश राहिली. विषाणू-वाहकासह महत्त्वाचे घटक देशातच तयार करणे, कुशल मनुष्यबळाचा तुलनेने कमी खर्च आणि सार्वजनिक निधीतून झालेले प्रारंभिक संशोधन ही त्याची मुख्य कारणे होत.

२०२३ ची परवानगी १५ वर्षे व त्यावरील वयाच्या रुग्णांसाठी होती. जगात हा उपचार मुलांपासून सुरू झाला. भारतात पहिल्या परवानगीच्या कक्षेत लहान मुले आली नाहीत. त्यामुळे बालरुग्णांवरील स्वतंत्र चाचण्यांचे महत्त्व वाढले.

### इतर प्रयत्न

बंगळूरू येथील 'इम्युनील' या कंपनीने बार्सिलोना येथील रुग्णालयात विकसित झालेले तंत्रज्ञान भारतात आणले व २०२५ मध्ये 'कारटेमी' हा उपचार उपलब्ध केला. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने रुग्णालयाच्या आवारातच पेशी तयार करण्याची पद्धत वापरून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने 'वेलकार्टी' ही चाचणी केली. तिच्यात पेशी सुमारे नऊ दिवसांत तयार झाल्या. गोठवणे व लांबवर पाठवणे टळल्याने वेळ आणि खर्च दोन्ही कमी होतात, हा या पद्धतीचा लाभ होय.

## भारतातील समतेचे प्रश्न

किंमत एक दशांशावर आली तरी ती काही दशलक्ष रुपयांच्या घरातच राहते. आयुष्मान भारत योजनेत एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादाही वाढवून पाच लाख रुपये करण्यात आली आहे. कार-टी उपचाराचा खर्च या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे जातो. उरलेली रक्कम धर्मादाय संस्था, रुग्णालयाचा निधी, लोकवर्गणी किंवा कर्ज यांतून उभी करावी लागते.

दुसरा प्रश्न अंतराचा आहे. टाटा स्मारक रुग्णालयात महाराष्ट्राबरोबरच उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल अशा दूरच्या राज्यांतून मुले येतात. रक्तकर्करोगाचा साधा औषधोपचारही दोन ते तीन वर्षे चालतो. या काळात राहण्याची सोय नसल्यास कुटुंब उपचार अर्धवट सोडून गावी परतते. मुंबईत २००६ मध्ये सुरू झालेली 'सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स' ही संस्था अशा कुटुंबांना निवारा व आधार देते. टाटा स्मारक रुग्णालयाशी संलग्न 'इम्पॅक्ट फाउंडेशन' बालरुग्णांसाठी निधी, आहार, समुपदेशन व पाठपुरावा यांची व्यवस्था करते. उपचार मध्येच सोडणाऱ्यांचे प्रमाण कमी करणे हा या कामाचा मुख्य हेतू आहे.

तिसरा प्रश्न निदानाचा आहे. लहान गावात मुलाच्या फिकटपणाला व तापाला बराच काळ साधा अशक्तपणा किंवा हिवताप समजले जाते. मुलींच्या बाबतीत उपचारास उशीर होण्याचे किंवा तो न होण्याचे प्रमाण अधिक असल्याचे भारतीय रुग्णालयांच्या नोंदींतून दिसते. रुग्णालयात येणाऱ्या बालरुग्णांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा बरीच जास्त असते व केवळ जैविक कारणांनी या फरकाचे पूर्ण स्पष्टीकरण होत नाही. रोगाचे निदानच न झालेल्या मुलीपर्यंत पेशी उपचार पोहोचण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

या कारणांमुळे काही तज्ज्ञांनी प्राधान्यक्रमाचा मुद्दा मांडला आहे. एका रुग्णाच्या कार-टी उपचाराच्या खर्चात अनेक मुलांचा प्राथमिक औषधोपचार होऊ शकतो. पहिलाच उपचार नीट व पूर्ण झाला, तर रोग उलटण्याचे प्रमाण घटते आणि महागड्या उपचाराची गरजही कमी होते. याउलट, स्वदेशी संशोधनाचे समर्थक असे दाखवून देतात की प्रगत उपचार आयात करण्याची वाट पाहिल्यास दरी अधिकच रुंदावते. देशात प्रयोगशाळा, प्रशिक्षित परिचारिका व तंत्रज्ञ तयार झाले, तर त्यांचा लाभ इतर आजारांच्या रुग्णांनाही होतो. बालकर्करोगतज्ज्ञांचे काम बहुधा या दोन्ही बाजूंनी चालते. रोग उलटलेल्या मुलाला नव्या चाचणीत प्रवेश मिळवून देणे आणि नव्याने आलेल्या मुलाचा उपचार अर्धवट सुटू न देणे, ही दोन्ही कामे एकाच विभागात होतात.

## आंतरराष्ट्रीय प्रयत्न

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी शून्य ते १९ वयोगटातील सुमारे चार लाख मुलांना कर्करोग होतो. संपन्न देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. ही तफावत कमी करण्यासाठी संघटनेने २०१८ मध्ये सेंट ज्यूड रुग्णालयाच्या सहकार्याने जागतिक बालकर्करोग उपक्रम सुरू केला. २०३० पर्यंत कर्करोगग्रस्त मुलांपैकी किमान ६० टक्के मुले वाचावीत, हे त्याचे उद्दिष्ट आहे. लक्ष केंद्रित करण्यासाठी निवडलेल्या सहा कर्करोगांत तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा समावेश आहे. मूलभूत औषधे दर्जेदार व विनामूल्य पुरवण्यासाठीची स्वतंत्र योजना २०२१ मध्ये जाहीर झाली.

पेशी उपचाराच्या क्षेत्रात रुग्णालये व सार्वजनिक संस्था यांनी स्वतः निर्मिती करण्याचा पर्याय पुढे येत आहे. स्पेनमध्ये बार्सिलोना येथील हॉस्पिटल क्लिनिकने तयार केलेल्या 'एआरआय-०००१' या उपचाराला तेथील औषध नियामकाने २०२१ मध्ये परवानगी दिली. रक्तकर्करोगाने मृत्यू पावलेल्या आरी या मुलीच्या स्मरणार्थ उभारलेल्या लोकनिधीचा त्यात मोठा वाटा होता. ब्राझीलमध्ये साओ पावलो विद्यापीठ व बुटांटन संस्था यांनी सार्वजनिक आरोग्यसेवेसाठी अशी निर्मिती हाती घेतली आहे.

दात्याच्या पेशींपासून आधीच तयार करून ठेवता येतील अशा कार-टी पेशी आणि प्रयोगशाळेबाहेर न नेता थेट शरीरातच टी-पेशींमध्ये बदल घडवणारी पद्धत, या दोन दिशांनी संशोधन चालू आहे. प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र निर्मिती करण्याची गरज संपली, तर प्रतीक्षाकाळ व खर्च दोन्ही पुष्कळ घटतील. तोपर्यंत या उपचाराची पोहोच प्रामुख्याने स्थानिक निर्मितीकेंद्रे, सार्वजनिक विमायोजनांची व्याप्ती आणि रोगाचे वेळेवर निदान यांवर अवलंबून राहील.